रेकॉर्डची मांडणी: वागळे इस्टेटमधील कारखान्याचे काम, एक पावसाळा काढल्यानंतर

वडिलांकडून आलेल्या सुमारे ५४० एलपी (विनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड) आणि ११० लाखेच्या जुन्या तबकड्या गेल्या वर्षापर्यंत ठाण्यात आमच्या नौपाड्यातील घरात तीन ठिकाणी विखुरलेल्या होत्या. काही लोखंडी कपाटाच्या तळाशी आडव्या चळतीत, काही पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि उरलेल्या पुस्तकांच्या फळीवर एकमेकींवर कलंडलेल्या. आडव्या चळतीतील खालच्या एलपींच्या कव्हरांवर वरच्यांच्या कडांचे गोल वळ उठले होते आणि कलंडलेल्यांपैकी निदान दहा-बारा तबकड्या इतक्या वाकल्या होत्या, की त्या फिरू लागल्या म्हणजे सुई होडीसारखी वरखाली होत असे. तेव्हा एक कायमची मांडणी करून घ्यायची असे ठरले आणि वागळे इस्टेटमधील एका लहान फर्निचर कारखान्याला मी ते काम दिले. आता तिचा एक पूर्ण पावसाळा काढून झाला आहे, म्हणून हे लिहितो.

तयार मांडणी का घेतली नाही, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. नवी मुंबईत तुर्भे येथे आयकिया या फर्निचर कंपनीचे दालन डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून ठाण्यातले अनेक रेकॉर्डप्रेमी त्यांची ‘कॅलॅक्स’ ही चौकोनी खणांची मांडणी घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. तिचा खण आतून ३३ सेंटिमीटर उंच व तितकाच रुंद असतो, म्हणजे एलपीला अगदी नेमका. पण प्रत्येक खणासाठी कंपनीने दिलेली भारमर्यादा १३ किलो आहे. एलपीची तबकडी साधारण १२० ते १४० ग्रॅमची, हल्लीच्या जाड आवृत्त्या १८० ग्रॅमच्या, आणि पुठ्ठ्याचे कव्हर धरले की एका नगाचे वजन सरासरी २४० ग्रॅमच्या आसपास जाते. खणात पन्नास-बावन्न एलपी ठेवणाऱ्याला ती मांडणी पुरेल. मला मात्र एका खणात पासष्ट-सत्तर ठेवायच्या होत्या आणि लाखेच्या तबकड्यांचे वजन त्याहून वेगळे होते.

हे वजन कारखान्याच्या मालकांना पटवून देणे हाच या कामातला सर्वांत मोठा भाग ठरला. ते तिशी-पस्तिशीचे, मराठी, बोलण्यात अदबशीर गृहस्थ आहेत. पण पहिल्या भेटीत त्यांनी, “काका, रेकॉर्ड म्हणजे शेवटी पुठ्ठाच की, बारा एमएम प्लाय भरपूर झाला,” असे सांगून वही मिटली होती. दुसऱ्या भेटीस मी ६७ एलपींचा गठ्ठा रिक्षातून घेऊन गेलो आणि त्यांच्याच भंगार मोजण्याच्या काट्यावर ठेवला. काटा १६ किलोंच्या थोडा पुढे गेला. एका खणाचे १६ किलो, एका रांगेत चार खण, म्हणजे एका फळीवर ६४ किलो, असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आणि त्यानंतर १८ एमएमच्या खाली ते एकदाही बोलले नाहीत.

जाडीपेक्षाही आधारांमधले अंतर महत्त्वाचे असते. सारख्या दाटीने भरलेल्या फळीच्या दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर तिला येणारा बाक सोळापट होतो. त्यामुळे तीन फुटांची सलग फळी थोडी जाड घेतली तरी एलपींच्या वजनाने ती काही वर्षांत झोळ धरू शकते, आणि चौतीस सेंटिमीटरवर उभा आधार असलेली साधी फळी सरळ राहणार. आमची मांडणी चार खण रुंद आणि तीन खण उंच आहे, आणि तिन्ही मजल्यांचे उभे आधार एकाखाली एक, ओळंब्यात घेतले आहेत, जेणेकरून भार थेट जमिनीपर्यंत उतरावा. फळ्या नुसत्या स्क्रूवर न तोलता खाच पाडून बसवल्या आहेत. हे त्यांनी न सांगता केले आणि या कारखान्याबद्दलचे माझे मत तिथेच चांगले झाले. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा घेतला. बैठकीच्या खोलीतील फर्निचरला आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा पुरतो असे कोणीही सांगेल, पण आमच्या इमारतीच्या भिंतींना जुलैत जी ओल येते ती पाहिलेली व्यक्ती तसे सांगणार नाही.

आता चूक. मी दिलेल्या आराखड्यात खणाची आतली उंची ३४ सेंटिमीटर होती. एलपीचे कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचे असते, त्यावर प्लास्टिकचे बाहेरचे आवरण चढले की ते साडेबत्तीसला पोहोचते, आणि वर बोट घालून नग ओढायला थोडी जागा लागते. कारागिरांनी ते ३४ सेंटिमीटर फळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरले. त्यातून फळीची जाडी गेली, वर-खाली सनमायकाचा एकेक एमएम गेला, आणि घरी आलेल्या मांडणीत खण उरला बरोबर ३२ सेंटिमीटरचा. उघडी कव्हरे कशीबशी शिरली, आवरणातली एकही शिरेना. मांडणी दोन मजले पायऱ्यांवरून वर आणलेली, हमाली दिलेली, आणि ठरलेल्या दिवसापेक्षा अकरा दिवस उशिरा आलेली. माझा आवाज त्या दिवशी चढला, हे कबूल करतो. मालकांनी आराखडा पुन्हा पाहिला, चूक आपली असल्याचे मान्य केले, मांडणी परत नेली आणि नऊ दिवसांत नवे उभे आधार घालून, एक पैसाही जास्त न घेता, आणून दिली. परतीची हमालीही त्यांनीच भरली. तरीही त्यांच्याकडे काम देणाऱ्याने आराखड्यावर ‘सनमायकासह आतील माप’ असे ठळक लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी.

मागची बाजू सुरुवातीला पूर्ण बंद होती. ती मी परतीच्या फेरीत बदलून घेतली. आता प्रत्येक खणाच्या मागे वर-खाली हाताच्या पंजाएवढ्या फटी आहेत आणि मांडणी भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे उभी आहे. ती भिंतही मुद्दाम निवडलेली, दोन खोल्यांमधली आहे. बाहेरच्या भिंतीला ओल येते, आणि पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिल-मे महिन्यांत येणारे दुपारचे ऊन विनाइलच्या तबकडीला वाकवायला पुरेसे असते. तळाशी १० सेंटिमीटरचे स्कर्टिंग आहे, कारण लादी पुसताना पाणी कुठवर जाते हे घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. नव्या सनमायकाला चिकटद्रव्याचा उग्र वास होता, म्हणून पहिले तीन आठवडे खण रिकामे ठेवून पंखा चालू ठेवावा लागला.

तबकड्या उभ्या ठेवायच्या म्हणजे खरोखर उभ्याच ठेवायच्या. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस अशा संग्रहांसाठी दर १० ते १५ सेंटिमीटरवर पूर्ण उंचीचा दुभाजक ठेवायला सांगते. मी खर्च वाचवण्यासाठी प्रत्येक खणात ६ एमएमचा एकच काढता येणारा दुभाजक घेतला, म्हणजे अंतर साडेसोळाच्या आसपास गेले. भरलेल्या खणात तेवढे चालते. अर्ध्या भरलेल्या खणात मात्र तबकड्या कलंडतात, आणि तिथे मला लाकडी ठोकळा टेकू म्हणून ठेवावा लागला आहे. दुसरा दुभाजक तेव्हाच घ्यायला हवा होता.

लाखेच्या तबकड्यांसाठी खालच्या रांगेतील दोन खण राखले आहेत. या दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भारतात १९६० च्या दशकातही निघत होत्या. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि बालगंधर्वांचे किंवा हिराबाई बडोदेकरांचे पद तेवढ्यात बसवण्याची जी कसरत असे ती ऐकतानाच कळते. या तबकड्या वाकत नाहीत, फुटतात. एलपीच्या शेजारी ठेवल्यास त्यांची वरची कड आधाराविना राहते आणि मोठे कव्हर त्यांच्यावर रेलते, म्हणून त्यांचे खण वेगळे आणि जमिनीजवळ हवेत.

कारखान्याशी संबंध नसलेली, पण मांडणीइतकीच महत्त्वाची गोष्ट आवरणांची. वडिलांनी ऐंशीच्या दशकात काही एलपींना जाड, मऊ पीव्हीसीची आवरणे घातली होती. त्या आवरणांतील मऊपणा आणणारे रसायन काळाच्या ओघात तबकडीवर उतरते, आणि काही नगांवर जो धुरकट थर आला आहे तो कितीही धुतला तरी जात नाही. आता बाहेर पॉलिप्रॉपिलीनची आणि आत पातळ पॉलिथिलीनची आवरणे घातली आहेत. जुन्या कागदी आवरणांचा चुरा खाचांत बसतो, पण ज्यांवर जुन्या जाहिराती छापल्या आहेत ती टाकवली नाहीत; कव्हरामागे वेगळी सरकवून ठेवली आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतील आर्द्रतामापक सतत ८० च्या वर होता. पंधरा दिवसांनी एकदा मी प्रत्येक खणातून चार-पाच नग काढून पाहिले. मधल्या आणि वरच्या रांगेत बुरशी कुठेही दिसली नाही. खालच्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाच्या खणात, तीन कव्हरांच्या पाठीवर पांढुरके ठिपके आले होते. ते कोरड्या मऊ ब्रशने निघाले. सिलिका जेलच्या डब्या त्या खणात वाढवल्या आहेत आणि दर महिन्याला त्या गरम करून कोरड्या करतो. कसर कुठे दिसली नाही. फळ्यांना दोरी ताणून पाहिले, एकाही फळीला बाक नाही.

एकूण २९,५०० रुपये झाले, त्यात हमाली धरलेली नाही. याच किमतीत देखणी तयार मांडणी मिळते, हे खरे आहे, आणि आमच्या मांडणीच्या कडांवरची पट्टी दोन ठिकाणी आताच उचलली आहे. मालकांना फोन केला, तेव्हा माणूस दुसऱ्या दिवशी आला, पण त्याच्याकडे त्या रंगाची पट्टी नव्हती, आणि ती अजून आलेली नाही. मांडणी भिंतीला वरून दोन लोखंडी कोनांनी बांधायचे ठरले होते. ते मी आठवण करून दिल्यावर झाले. घरात लहान मुले असतील तर हे काम पैसे चुकते करण्यापूर्वी करून घ्यावे, कारण भरलेल्या मांडणीचे वजन दोनशे किलोंच्या आसपास जाते.

खालच्या रांगेतील हिराबाई काढायला गुडघे टेकावे लागतात, हा दोष आराखड्याचा, म्हणजे माझा. त्यासाठी एक बुटके स्टूल घेतले आहे, आणि ते मात्र बाजारातून तयार आणले.