आमची स्वीडनमधली बालवाडी: वर्ग छान, आराखडा अपुरा

मुलगा मला आई म्हणतो आणि माझ्या बायकोला मम्मा. त्यामुळे बालवाडी निवडताना अंगण आणि जेवण बघायच्या आधी मी समान वागणुकीचा आराखडा मागितला, म्हणजे मुलांशी भेदभाव होऊ नये म्हणून बालवाडी काय करते तो कागद. इथे तो मागायला संकोच नको. 2009 पासून लागू असलेल्या भेदभावविरोधी कायद्यात ज्यांवरून भेदभाव करायला बंदी आहे अशा सात आधारांपैकी लैंगिक कल हा एक आहे, आणि बालवाड्याही त्यात येतात. भेदभावाचा धोका शोधा, कारणं तपासा, उपाय करा, पुढे काय झालं ते बघा, आणि हे सगळं लेखी ठेवा, असा 2017 पासून नियम आहे.

आराखडा वाचून मन खट्टू झालं. मुलगे-मुली आणि भाषा यांवर भरभरून लिहिलंय, अगदी ठोकळ्यांचा कोपरा कोण अडवून बसतं तेसुद्धा. लैंगिक कलावर मात्र एकच ओळ: असे प्रसंग आढळले नाहीत. अहो, एवढंसं पोर तक्रार घेऊन येणार आहे का? आणि प्रश्न मुलाच्या कलाचा नाहीच. घरच्यांवरून त्याला वेगळं वागवलं, तरी तो भेदभावच.

वर्ग मात्र कागदापेक्षा कितीतरी उजवा. फॉर्मवर 'पालक 1, पालक 2'. दोन बाबांच्या घराचं पुस्तक खास विषय म्हणून वरच्या फळीवर नाही, रोजच्या टोपलीत असतं. एकदा भातुकलीत एका मुलीनं आमच्या पोराला सुनावलं, "दोघी आई नसतात. एकीला बाबा कर." शिक्षिका त्यांच्याजवळ खाली बसली. "त्याच्या घरी आहेत की दोघी. तुझ्या घरी कोण कोण असतं?" मुलीनं मांजरासकट सगळ्यांची नावं घेतली आणि खेळ पुढे चालू. उपदेश नाही, सॉरी म्हणायला लावणं नाही. मला हे फार आवडलं.

ती शिक्षिका रजेवर गेली, तेव्हा बदली शिक्षकानं पोराला दारातच विचारलं, "आज बाबा न्यायला येणार ना?" पोरगा गप्प. मी मुख्याध्यापिकेला लिहिलं. पुढच्या आढाव्यात बघू, असं नम्र उत्तर आलं. हे मला मुळीच पटलेलं नाही. बदली माणसाच्या हातात पहिल्याच सकाळी द्यायला, कोणाच्या घरी कोण असतं हे सांगणारं अर्धं पान पुरे.

तरीही रांगेत नाव जरूर घाला, माणसं चांगली आहेत. फक्त बघायला जाल तेव्हा विचारा: नव्या शिक्षकाला मुलांच्या घरांबद्दल कोण सांगतं, आणि ते कुठे लिहिलंय?