तेल्याची ‘गॅरंटी’ घेणारा माणूस आमच्या बागेत आला होता

आटपाडी तालुक्यात आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. पंधरा बाय दहा फुटांवर लावलेली, 580 झाडं. गेल्या वर्षी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा धरला आणि तो तेल्याने, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूच्या रोगाने गेला. तेल्या आमच्या भागाला नवा नाही. पण गेल्या वर्षी तो मी वाढू दिला, एका माणसाच्या शब्दावर. तोच माणूस आता जतकडे फिरतोय, म्हणून सगळं लिहितोय.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीकडच्या दोन ओळींत डाग दिसले. पान उन्हाकडे धरलं की तेलाचा थेंब पडल्यासारखा ठिपका आणि भोवती पिवळसर कडा. फळं तेव्हा लिंबाएवढी होती. कृषी सेवा केंद्रात मी फोटो दाखवत होतो, तेव्हा हा माणूस शेजारच्या बाकड्यावर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच बागेत हजर. खिशातून भिंग काढलं, स्वतः पान पाहिलं, मलाही दाखवलं. म्हणाला, “दादा, तांबं मारून मारून जमीन मेलीय तुमची. जिवाणूला जिवाणूच मारतो.”

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. सुडोमोनास, ट्रायकोडर्मा ही जैविक औषधं आपण वापरतोच, आणि सुडोमोनाससोबत कॉपर मिसळू नये हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याने त्याच्या पुढे एक अट जोडली: त्याचं औषध चालू आहे तोवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं तांबंयुक्त मिश्रण) नाही, दुसरं कुठलं कॉपर नाही, काहीच नाही. एक जरी फवारणी झाली तरी गॅरंटी संपली.

आण्णांना हे पटलं नव्हतं. आमच्या घरात बोर्डो आण्णाच करतात. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या पिंपात एकत्र ओततात आणि त्यात विळ्याचं पातं बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी वाढवायची. झाडावर फळ असताना ते अर्ध्या टक्क्याचं करतात, आणि केलेलं त्याच दिवशी संपवतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “पाऊस आला तर काय करणार?” मी त्यांना म्हणालो, जग पुढं गेलंय आण्णा. हे वाक्य मला अजून टोचतं.

पहिली बाटली 1,850 रुपयांची. पांढरी, एक लिटरची, झाकण उघडलं की आंबलेल्या गुळाचा वास. चार दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. ऑगस्टमध्ये बाग स्वच्छ झाली. नवी पालवी एकदम तुकतुकीत, एक डाग नाही. तो येऊन ओळीओळीतून फोटो काढून गेला, आणि मी पूर्ण बहाराचे 38,000 रुपये एकरकमी दिले. फोनवरून, त्याने दिलेल्या नंबरवर. नाव वेगळंच दिसत होतं, मी विचारलंही, तर म्हणाला भाच्याचं खातं आहे. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं की जीएसटी तुमच्याच अंगावर पडेल.

आता ऑगस्टमध्ये नेमकं काय झालं होतं ते सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यातच आहे. पाऊस थांबला होता. नागपंचमीनंतर तीन आठवडे आमच्याकडे थेंब पडला नाही. तेल्याचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने झाडावरून झाडावर जातो. पान ओलं लागतं, हवा दमट लागते, शिरायला जखम नाहीतर पानाचं छिद्र लागतं. कोरड्या हवेत तो फांदीवरच्या जुन्या चट्ट्यात दबून राहतो. नवीन पान स्वच्छच येणार. मी त्या वेळी नुसतं पाणी फवारलं असतं तरी तसंच दिसलं असतं. आमच्या दुष्काळी पट्ट्यात अशी उघडीप दर वर्षी पडते. त्याला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही.

उत्तरा नक्षत्रात पाऊस लागला. सलग पाच दिवस. आठवड्याभरात विहिरीकडून सुरू झालं ते बांधापर्यंत पोचलं. फळावर काळपट डाग, मग डागातून उभी-आडवी चीर, मग फळ उकलून दाणे बाहेर. सकाळी बागेत गेलं की ओळीत फळं पडलेली. त्याला फोन केला तर म्हणाला, “घाबरू नका, रोग बाहेर पडतोय.” नंतर म्हणाला पाणी खारट असेल. नंतर फोन बंद.

मर रोगाचं, म्हणजे उभं झाड वाळवणाऱ्या रोगाचं, तर आणखी वाईट झालं. ऑगस्टमध्येच ओघळीच्या बाजूची तीन झाडं सुकायला लागली होती. आधी एक फांदी पिवळी, मग सगळं झाड, पानं वाळून झाडालाच लटकलेली. मी उपटणार होतो. त्याने आळवणीचं, म्हणजे मुळाशी ओतायचं, वेगळं औषध दिलं आणि सांगितलं झाड उपटू नका, महिन्यात फुटेल. ऑक्टोबरमध्ये तिथं एकोणीस झाडं वाळली होती. त्यातलं एक खोड आडवं कापून पाहिलं, तर आतल्या लाकडात करडी-तपकिरी चांदणी उमटलेली. सेराटोसिस्टिस बुरशीची ही खूण. ती मुळाला मूळ लागून पुढच्या झाडात जाते, वाहत्या पाण्याबरोबर जाते, खोड पोखरणारे बारीक भुंगेरेही तिला हात देतात. असं झाड मुळासकट काढून जाळायचं असतं आणि शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांना बुरशीनाशकाची आळवणी द्यायची असते. मी दोन महिने ती तीन झाडं तशीच उभी ठेवली.

रिकामी आणि एक अर्धी बाटली घेऊन तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो. साहेबांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘तेल्या, करपा, मर’, आणि खाली बारीक अक्षरात ‘बायोस्टिम्युलंट’. तिथं मला जे कळलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. रोगावर चालतं म्हणून विकलेलं कुठलंही औषध, रासायनिक असो वा जैविक, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. त्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना, बॅच, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो. बायोस्टिम्युलंट 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आले. ते झाडाच्या वाढीसाठी असतं, त्यावर रोग बरा होतो असं लिहिताच येत नाही. माझ्या बाटलीवर बॅच नंबरच्या जागी नुसती रिकामी चौकट छापलेली होती. साहेब म्हणाले, पावती आणा. पावती नव्हती. सीलबंद बाटली आणा. तीही नव्हती. पैसे गेले ते कुणाच्या खात्यावर, हेही मला छातीठोक सांगता येईना.

म्हणून हात जोडून सांगतो, पक्कं बिल न देणाऱ्याकडून बाटली घेऊ नका, आणि एक बाटली न फोडता बाजूला ठेवा. कुणी नवं औषध दिलंच तर एक ओळ त्याशिवाय ठेवा, तिच्यावर नेहमीची फवारणी करा आणि पाऊस होऊन जाईपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. बोर्डो बंद करा म्हणणाऱ्याला बागेच्या बाहेर काढा. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचं फवारणीचं वेळापत्रक मराठीत मिळतं. आम्ही या वर्षी मृग सोडून दिला. रोगट फांद्या डागाच्या खाली दोन इंचांवर छाटल्या, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवली, पडलेलं पान न् पान गोळा करून जाळलं, आणि बागेला विश्रांती दिली. पिंपात विळा पुन्हा आण्णाच धरतात.

मागच्या सोमवारी जतच्या पाव्हण्यांनी एक फोटो पाठवला, विचारलं हे औषध घ्यावं का. फोटोत तुकतुकीत पालवीची ओळ आहे आणि मागे आमच्या विहिरीवरच्या मोटरघराचा निळा पत्रा दिसतो, एका कोपऱ्यात वाकलेला. खाली लिहिलंय, ‘आटपाडीतील शेतकऱ्याचा अनुभव’. तो फोटो ऑगस्टचा आहे. त्याच ओळीचे ऑक्टोबरचे फोटो माझ्याकडे आहेत, ज्यांना हवेत त्यांनी मागा, रात्रीसुद्धा पाठवीन.