प्रथिनांच्या यादीचा अर्थ लावताना: जीन ऑन्टॉलॉजी की केग?

प्रयोगातून दोन-तीनशे प्रथिनांची यादी हाती आली, की ही प्रथिने पेशीत काय करतात आणि कोठे असतात हे कोणाच्या शब्दांत सांगायचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा यादीचे विश्लेषण करणाऱ्या बहुतेक साधनांत जीन ऑन्टॉलॉजी (जनुकांचे काम सांगणारा ठरावीक शब्दसंग्रह) आणि केग (पेशीतील मार्गांच्या नकाशांचा संग्रह) असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात, आणि पुष्कळ जण दोन्हींवर खूण करून जो निकाल बरा दिसेल तो ठेवतात. मीही काही काळ तेच केले. नंतर एकाची निवड करावी लागली. त्या निवडीमागची कारणे येथे मांडतो आहे. आपले काम वेगळ्या प्रकारचे असेल, तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो, हे आधीच मान्य करतो.

दोन्हींचा पिंड मुळात वेगळा आहे. फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांचे संग्रह सांभाळणारे तीन गट १९९८ मध्ये एकत्र आले आणि त्यातून जीन ऑन्टॉलॉजी उभी राहिली. एकाच क्रियेला कोणी ‘ट्रान्सलेशन’ म्हणायचे, कोणी ‘प्रोटीन सिंथेसिस’, आणि संगणकाला हे दोन्ही एकच आहेत हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून तेथे शब्द हेच एकक आहे: प्रत्येक संज्ञेला सात आकडी क्रमांक, व्याख्या आणि वरच्या संज्ञांशी सांगितलेले नाते. केगची सुरुवात १९९५ मध्ये क्योटो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांच्या पुढाकाराने झाली, आणि तेथे एकक आहे नकाशा. चयापचयाचे आणि संदेशवहनाचे मार्ग माणसांनी विचारपूर्वक रेखाटलेले, त्यात चौकटी, आणि चौकटींना जोडलेली जनुके. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. माझ्या बाबतीत मात्र सगळा निर्णय त्यावरच फिरला.

त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी आम्ही ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर वाढवत होतो. अशा पेशींना केवळ ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवाय साखर फोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, भागवता येत नाही, त्यांना मायटोकॉन्ड्रियाकडे वळावे लागते, आणि अपेक्षेप्रमाणे श्वसनसाखळीतील (मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिन-संकुलांच्या मालिकेतील) प्रथिनांचे प्रमाण वाढलेले दिसले. कोणत्या नकाशातली जनुके यादीत अपेक्षेपेक्षा जास्त आहेत हे मोजण्यासाठी यादी केगला दिली. पहिल्याच ओळीत उत्तर आले: पार्किन्सन आजार. त्याखाली ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन (श्वसनसाखळीतून ऊर्जा बनवण्याची क्रिया), मग हंटिंग्टन, मग अल्झायमर, आणि थोडे खाली यकृतात चरबी साचण्याचा आजार. ताटलीत ना चेतापेशी होती, ना यकृताची पेशी.

हा निकाल चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही, आणि खरा त्रास तेथेच होतो. पार्किन्सनच्या नकाशात श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाची चौकट असणे योग्यच आहे, कारण एमपीपी प्लस हे विष त्या संकुलाला रोखते आणि चेतापेशी मरतात. पण त्या चौकटीबरोबर संकुलाचे चाळीसहून अधिक उपघटक नकाशात येतात, इतर संकुलेही आपापला परिवार घेऊन येतात, आणि हाच सगळा गोतावळा हंटिंग्टनच्या आणि अल्झायमरच्या नकाशांतही हजर असतो. मग सांख्यिकी तिला जे शिकवले तेच करते: तीच साठ-सत्तर जनुके पाच वेगवेगळ्या नावांनी पाच वेळा मोजते. सभेत तो तक्ता पडद्यावर आला, तेव्हा पहिला प्रश्न मायटोकॉन्ड्रियाबद्दल आला नाही. ‘तुम्ही चेतासंस्थेवर कधीपासून काम करू लागलात?’ असे विचारले गेले. पुढची दहा मिनिटे मी निकालाऐवजी निकालाच्या नावांचा खुलासा करत होतो.

आजारांचे नकाशे वगळता येतात, हे कोणीही सुचवेल, आणि त्यांपैकी बहुतेकांचे क्रमांक ०५ ने सुरू होत असल्याने ते बऱ्यापैकी सोपेही आहे. मी ते करून पाहिले. मग थर्मोजेनेसिस, म्हणजे शरीरात उष्णता निर्माण करण्याची क्रिया, वर आले, कारण त्या नकाशातही तीच संकुले आहेत. तेही हाताने काढून टाकता आले असते. परंतु न आवडलेली ओळ स्वतः खोडायची आणि उरलेल्याला निकाल म्हणायचे, हे लेखाच्या परीक्षकाला पटवून देण्याची माझी तयारी नव्हती.

तीच यादी जीन ऑन्टॉलॉजीला दिली, तेव्हा क्रिया, कार्य आणि स्थान यांची उत्तरे वेगवेगळी मिळाली, कारण त्या तीन शाखा मुळातच स्वतंत्र ठेवलेल्या आहेत. स्थानाच्या शाखेत सर्वांत वर होते मायटोकॉन्ड्रियाचे आतील पटल, क्रमांक जीओ:०००५७४३. त्या संज्ञेपासून वर चढत गेले, तर पटल, मग आवरण, मग संपूर्ण मायटोकॉन्ड्रिया, असे ‘प्रकार आहे’ आणि ‘भाग आहे’ या नात्यांच्या पायऱ्यांनी जाता येते. केगच्या नकाशातही पटल रेखाटलेले असते, पण ‘माझ्यापैकी कोणकोणती प्रथिने या पटलात आहेत?’ असा प्रश्न चित्रातल्या रेषेला विचारता येत नाही.

जीन ऑन्टॉलॉजीचा जाचही कमी नाही. एखादे प्रथिन एका संज्ञेला जोडले की ते तिच्या सर्व पूर्वजांनाही आपोआप जोडले जाते. त्यामुळे निकालात ‘श्वसनसाखळीतील इलेक्ट्रॉन वहन’, ‘पेशीय श्वसन’, ‘ऊर्जानिर्मिती’ अशा ऐंशी ओळी येतात आणि सगळ्यांत जनुके जवळजवळ तीच. म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजण्याचा दोष येथेही आहे. फरक इतकाच, की ही पुनरुक्ती एकाच कुळातली असते आणि नाती लिहिलेली असल्यामुळे ती नियमाने छाटता येते, संक्षिप्त संच वापरून किंवा समान संज्ञा एकत्र करून. संज्ञा बदलतातही: पूर्वीचे ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ आता ‘अ‍ॅपॉप्टोटिक प्रोसेस’ आहे, काही संज्ञा कालबाह्य ठरतात. वर्षभराने तेच विश्लेषण केले तर आकडे थोडे हलतात, म्हणून वापरलेल्या आवृत्तीची तारीख लिहून ठेवणे अनिवार्य आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती पुराव्याची नोंद. प्रत्येक जोडणीसोबत ती कशावरून केली याचा संकेत असतो: आयडीए असेल तर कोणीतरी थेट प्रयोगात पाहिले आहे, आयईए असेल तर संगणकाने अनुमान केले आहे आणि त्या नोंदीवर कोणा तज्ज्ञाची नजर फिरलेली नाही. आयईए नोंदींची संख्या फार मोठी आहे, हे विसरू नये. एनडी हा संकेत तर मला विशेष आवडतो. त्याचा अर्थ, तज्ज्ञाने शोधले आणि काही सापडले नाही; कोणी पाहिलेच नाही आणि पाहूनही मिळाले नाही, हा भेद जपणारी परिभाषा क्वचित भेटते.

तरीही एखाद्या नव्या जिवाणूचा जीनोम हाती असेल आणि तो कोणते अमिनो आम्ल स्वतः बनवू शकतो हे पाहायचे असेल, तर माझ्या पसंतीकडे दुर्लक्ष करून केगच घ्यावे. जनुकांना के-क्रमांक (केगने कार्यानुसार दिलेले ओळखक्रमांक) लावून नकाशा रंगवला की मार्गातली कोणती पायरी गाळलेली आहे ते एका दृष्टिक्षेपात कळते. जीन ऑन्टॉलॉजीच्या तक्त्यातून तेच काढायला संध्याकाळ जाते. रिअ‍ॅक्टोम हा जैविक मार्गांचाच संग्रह असलेला तिसरा पर्याय मानवी पेशींवर काम करणाऱ्यांनी जरूर पाहावा, आणि गंमत म्हणजे पेशीतील स्थानांची नावे त्याने जीन ऑन्टॉलॉजीकडूनच घेतली आहेत.

शेवटी परवान्याचा मुद्दा. जीन ऑन्टॉलॉजी श्रेयनिर्देशाच्या अटीवर सर्वांना मुक्त आहे. केगचे संकेतस्थळ शैक्षणिक वापरासाठी खुले आहे, पण संपूर्ण संग्रह उतरवून घेण्यासाठी २०११ पासून वर्गणी लागते. त्याचा एक आडवळणी परिणाम असा, की बायोकंडक्टर या जैविक माहितीच्या विश्लेषणासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर-संग्रहातील केगचे जुने पॅकेज पुढे कित्येक वर्षे २०११ च्याच माहितीवर थांबून राहिले होते; वारशाने मिळालेली आज्ञावली चालवत असाल, तर तेवढे तपासून घ्यावे. आमच्या लेखात अखेरीस तक्ता जीन ऑन्टॉलॉजीचा गेला. ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनचा रंगवलेला नकाशा मात्र केगचाच ठेवायचा होता, कारण तसे चित्र दुसरीकडे मिळत नाही. त्यांचा नकाशा छापण्यासाठी परवानगी मागावी लागते, आणि ते पत्र लेख पाठवण्याच्या आदल्या रात्री आठवण्यापेक्षा चित्र निवडले त्याच दिवशी पाठवलेले बरे.