आयर्लंडच्या गावातली कॅथलिक शाळा: आपल्या मुलांना कशी?

आयर्लंडमध्ये गावाकडे घर घेतलं की शाळा निवडायचा प्रश्नच फारसा उरत नाही. जवळ शाळा एकच, आणि ती बहुतेक कॅथलिक. देशातल्या दहापैकी साधारण नऊ प्राथमिक शाळा तशाच आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, 'पेट्रन' (ज्यांच्या धर्मपरंपरेनुसार शाळा चालते ते आश्रयदाते) मात्र त्या भागाचे बिशप. म्हणून "बाप्तिस्मा नाही, मग घेतील का?" ही धास्ती आपल्या लोकांत अजून असते. ती आता सोडा. २०१८च्या प्रवेश कायद्यामुळे जागा कमी पडल्या तरी कॅथलिक शाळेला धर्म बघून क्रम लावता येत नाही. 'व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्युशन'ची, म्हणजे ऐच्छिक वर्गणीची, चिठ्ठी येईल. ते पैसे द्यायचं बंधन नाही.

'सर्वांचं स्वागत' हे प्रत्येक शाळेच्या धोरणात छापलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. दोन शिक्षकी शाळेत मात्र ते रोज दिसतं. ज्युनिअर इन्फंट्सपासून (प्राथमिक शाळेचा पहिलाच, लहान मुलांचा वर्ग) दुसरीपर्यंत एक खोली, तिसरी ते सहावी दुसरी. मुलं इतकी कमी की मैदानात कुणाला वगळून खेळच उभा राहत नाही. इंग्रजी कच्चं असलेल्या किंवा वाचनात अडणाऱ्या मुलाला सपोर्ट टीचरची मदत मिळते, आणि त्यासाठी डॉक्टरी निदानाचा कागद लागत नाही. अडचण एवढीच की छोट्या शाळेत हे शिक्षक बऱ्याचदा शेजारच्या शाळेशी वाटून घेतलेले असतात. कोणत्या वारी येतात आणि किती वेळ, हे आधीच विचारा.

खरी गोची धर्माच्या तासाला होते. तो रोज साधारण अर्धा तास. त्यातून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क राज्यघटनेच्या ४४व्या कलमात आहे. अशा मुलाची काय सोय करणार, हे शाळेने प्रवेश धोरणात लिहायलाच हवं, आणि त्यापायी त्याची शाळेची वेळ कमी करता येत नाही. कागदावर सगळं चोख. पण जादा शिक्षक नाही, जादा खोलीही नाही. मूल त्याच वर्गात मागे चित्र रंगवत बसतं, कान उघडेच, आणि महिन्याभरात 'हेल मेरी' ही कॅथलिक प्रार्थना पाठ करून घरी येतं. हे चालणार नसेल, तर अशी शाळा तुमच्यासाठी नाही.

दुसरीचं वर्ष सगळ्यात अवघड. फर्स्ट कम्युनियनची (कॅथलिक मुलांचा चर्चमधला पहिला मोठा विधी) तयारी वसंतात अर्ध्या तासात मावत नाही; गाणी, चर्चमधल्या तालमी, कपड्यांच्या गप्पा, आणि आपलं मूल एकटं बाजूला. तेव्हा त्याला नेमकं काय काम देणार, हे सप्टेंबरमध्येच बाईंशी बोलून ठरवा, एप्रिलमध्ये नको. सकाळची प्रार्थना, डिसेंबरचं ख्रिस्तजन्माचं नाटक, १ फेब्रुवारीला लव्हाळ्याचे सेंट ब्रिजिडचे क्रॉस, हे त्या तासाबाहेरचं. त्यातून मुलाला काढू नये असं आमचं मत. तिथे तो धर्मापेक्षा गावच जास्त शिकतो.

दिवाळीबद्दल शाळा सहसा उत्साही असतात, पण ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत ती कधीकधी निसटते. तारीख आधी सांगा. डब्याबाबत मात्र ढिलाई नाही: अनेक शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाण्याला बंदी असते, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची चटणी आणि कूट घातलेली कोशिंबीर घरीच.