भोपाळचे तंबू आणि ‘आपल्याकडचा’ माणूस

भोपाळच्या सहलीच्या नावाने फोनवर फसलो आणि एकूण 61,100 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात, शाळेत, गल्लीत सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरा प्रश्न होता, ‘मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळलं कसं नाही?’ त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे लिहिते आहे. सुट्टी लागली की आपल्याकडून पुष्कळ कुटुंबं अशीच निघतात, आणि आमच्यासारखीच फोनवर ठरवून निघतात.

आम्ही भुसावळचे. मुंबई पाहून झाली होती, दिल्ली आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, झेपली नसती. मध्य प्रदेशची राजधानी मात्र रात्री गाडीत बसलं की सकाळी येते. माझ्या मुलाने दोनशेच्या नोटेवर मागे छापलेला सांचीचा स्तूप दाखवून विचारलं होतं, ‘हे खरं कुठे आहे?’ तिथून विषय निघाला. मग मी भोपाळजवळच्या भीमबेटकाचं वाचलं. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना 1957 मध्ये आगगाडीतून जाताना ते खडक दिसले आणि त्यातून हजारो वर्षांपूर्वीची चित्रं जगापुढे आली. भुसावळच्या पोराला रेल्वेच्या खिडकीतून लागलेला शोध दाखवायचा, यापेक्षा चांगली सहल कोणती! दादाचं कुटुंब, नणंदेचं कुटुंब आणि अमळनेरची मावशी मिळून आम्ही चौदा जण झालो.

तंबूत राहायची कल्पना मावशीची. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या आणि शेकोटीभोवती बसून जेवायचं, हे आपल्याला नवीन नाही. तेच एकदा परक्या मुलखात, तळ्याकाठी करू म्हणाली. मुलांनी ते धरून ठेवलं.

मी आठ दिवस फोनवर शोधत होते, त्यामुळे तशाच जाहिराती समोर येऊ लागल्या. त्यांतल्या एका जाहिरातीत निळ्या पाण्याच्या काठी हिरवे तंबू होते, वर दिव्यांच्या माळा होत्या. नंबर लावला. तो माणूस हिंदीत बोलत होता. ‘भुसावळहून येतोय’ म्हटल्याबरोबर मराठीत आला. ‘ताई, मी शिरपूरकडचा. आठ वर्षं झाली भोपाळला. गावाकडचं कोणी आलं की बरं वाटतं.’ मी भरताचं बोलले तर म्हणाला, ‘वांगी तेवढी आपल्याकडची आणा, इथे ती चव नाही. चूल, सरपण मी देतो.’

मी फसले ती इथे. पुढचं सगळं याच्यामागून आलं. त्याआधी मी तीन ठिकाणचे दर विचारले होते, कागदावर लिहून ठेवले होते. त्याचा दर माणशी रात्रीला 1,800 रुपये होता, म्हणजे इतरांच्या बरोबरीचा. स्वस्ताच्या मोहात पडलो असं लोक म्हणतात, ते आमच्या बाबतीत खरं नाही. तो आपल्याकडचा आहे एवढ्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि तपासणं थांबवलं. तो खरंच शिरपूरकडचा होता की नाही, आजही माहीत नाही. चार वाक्यं मराठी आणि एक वांग्याचा विषय, एवढं त्याला पुरलं.

दोन रात्रींचे 50,400 झाले. निम्मे, म्हणजे 25,200 आगाऊ मागितले. गैर काही वाटलं नाही. चार दिवसांनी गाडीच्या टपावर सामान बांधायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचे 6,000. मग वनखात्याच्या परवानगीचे माणशी 350, म्हणजे 4,900. निघायच्या आदल्या दिवशी तंबूंची अनामत 7,000, ‘निघताना हातात परत देतो’ असं सांगून. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा लहान किंवा पटण्यासारखी. आणि आधीचे पैसे अडकलेले असल्यामुळे पुढचे नाकारताना आपलाच हात अडखळतो. 43,100 रुपये असे चार वेळा मी स्वतः पाठवले.

आता मागे वळून पाहिलं की खुणा दिसतात. त्या एकेक सांगते, कारण त्या सगळ्या घरबसल्या दिसण्यासारख्या होत्या.

फोटोत तंबूंच्या मागे देवदारासारखी उंच, टोकदार झाडं होती. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याचे, पालच्या जंगलात लहानपणापासून फिरलेले. भोपाळभोवतीही आपल्यासारखंच सागाचं रान आहे. ती झाडं हिमालयातली. फोटो मी वीसदा पाहिला असेल, पण तंबूच पाहिले.

तंबू भोपाळजवळच्या रातापाणीच्या जंगलात, ‘कोअरमध्ये, तळ्याकाठी’ असल्याचं तो सांगत होता. रातापाणी डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात खासगी माणूस रात्री तंबू ठोकून चौदा जणांना चूल पेटवून देऊ शकत नाही. हे मला शाळेत मुलांना सांगता आलं असतं.

त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात पहिल्या संध्याकाळी बड्या तलावात क्रूझ होती. हा तलाव म्हणजे भोज पाणथळीचा भाग, 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत असलेला, आणि तिथल्या क्रूझ व मोटरबोटी बंद करायचा आदेश हरित लवादाने 2023 मध्येच दिला होता. सोमवारी जनजातीय संग्रहालय आणि मानव संग्रहालय होतं. दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी जेवणाआधी सांची आणि भीमबेटका दोन्ही. सांची भोपाळच्या एका बाजूला, भीमबेटका दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे साधारण पंचेचाळीस किलोमीटर. जो माणूस आठ वर्षं तिथे राहतो आणि लोकांना फिरवतो, त्याच्या हातून असा कागद निघत नाही. या एका कागदाने मला वाचवलं असतं. मी तो छापून आईंच्या पिशवीत ठेवला होता.

पावतीवर जीएसटी क्रमांक होता. तो पाहून आमचे हे म्हणाले, ‘पक्की पावती आहे, मग काय हरकत.’ जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, मध्य प्रदेशाचे 23. त्या पावतीवर 07 होते, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. परत आल्यावर टाकला, तर कापडाच्या कोणा व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्यालाही माहीत नसेल. आणि पैसे पाठवताना फोनवर जे नाव यायचं ते कुठल्याच कॅम्पचं नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘हिशेब ताई बघतात.’

शनिवारी सकाळी भोपाळला उतरलो. थंडी होती. मुलं गाडीची वाट बघत स्टेशनबाहेर सामानावर बसली. फोन वाजत होता, उचलत नव्हता. अर्ध्या तासाने एका रिक्षावाल्या काकांनी पत्ता पाहिला आणि म्हणाले, ‘बहनजी, यहाँ तो ऐसा कुछ है ही नहीं.’ तरीही मला वाटत होतं की काहीतरी गैरसमज आहे. मग संदेश आला. मोठ्या नेत्यांचा दौरा आहे, वनखात्याने सगळे तंबू रद्द केले, माफ करा, पैसे लगेच परत करतो. सोबत क्यूआर कोड, ‘हा स्कॅन करा, पहिला हप्ता 18,000 येईल.’

दादा तोवर संतापाने थरथरत होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला नाही, आपल्याच फोनवर तो कोड उघडला. स्कॅन केला, पिन टाकला. पैसे येण्याऐवजी 18,000 त्याच्या खात्यातून गेले. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे दादाला माहीत होतं. त्याच्या दुकानाच्या काउंटरवर रोज लोक त्याचा कोड स्कॅन करून पैसे देतात. पण चौदा माणसं रस्त्यावर बसलेली, आई थंडीने कुडकुडताहेत, आणि ‘परत’ हा शब्द समोर आला. फसवणारे नेमकी हीच वेळ निवडतात. म्हणून, पहिला फटका बसल्यावर ‘परतावा’ म्हणून जे काही येईल, त्याला हात लावू नका.

मावशी तिथेच म्हणाली, ‘पैसा गयात ते गयात, पोरे ते सुखरूप शेतस ना?’ त्या वाक्याने आम्ही भानावर आलो.

नणंदेच्या मुलीने 1930 लावला. कॉलेजात त्यांना सांगितलं होतं म्हणे. मी तर ‘भोपाळच्या पोलिसांकडे जायचं की भुसावळच्या?’ याच घोळात होते. कुठेही चालतं. 1930 हा देशभराचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, आणि पोलीस ठाण्यातही गुन्हा कुठेही घडलेला असो, हद्दीबाहेरचा म्हणून तक्रार नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावी लागते. 1930 वाल्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. तो पैसे पाठवल्याच्या नोंदीत असतो. सगळे संदेश, पावत्या, जाहिरातीचा फोटो आम्ही पुसला नव्हता, हे नशीब. रागाच्या भरात मी तो सगळा संवाद काढून टाकणार होते, मुलीने थांबवलं.

दादाच्या 18,000 ची तक्रार अर्ध्या तासाच्या आत गेली. ते पैसे समोरच्या खात्यात गोठले. न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतील असं सांगितलंय, अर्ज दिला आहे. माझे 43,100 मात्र आधीच खात्यांतून खात्यांत फिरून निघून गेले होते. पहिल्या रकमेनंतर दोन आठवडे गेले होते. लवकर कळवलं तर अडवता येतात आणि उशीर झाला की येत नाहीत, हा फरक आमच्या एकाच कुटुंबात दोन फोनवर दिसला.

स्टेशनजवळच्या साध्या लॉजमध्ये तीन खोल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी बसने सांचीला गेलो. मुलाने नोट स्तूपासमोर धरून पाहिली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. भीमबेटका राहिलंच. वांगी एका ढाबेवाल्याने तंदूरमध्ये भाजून दिली, भाकरी मावशीने त्याच्याच तव्यावर केल्या, आणि त्याने पैसे घ्यायला नकार दिला. तो आपल्याकडचा नव्हता. त्याची बोलीही आम्हाला नीट कळत नव्हती.

परत आल्यावर महिनाभर मी हे कोणाला सांगितलं नाही. शाळेत विचारलं की ‘छान झाली सहल’ म्हणायचे. त्या महिन्यात आमच्याच ओळखीच्या, यावलच्या एका कुटुंबाने त्याच फोटोवर 12,000 भरले. मी तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात तो फोटो पुन्हा दिसला. या वेळी नाव पचमढीचं आहे, नंबर वेगळा. निळं पाणी, हिरवे सहा तंबू, डावीकडून तिसऱ्या तंबूचं दार अर्धं उघडं, पिवळ्या दिव्यांची माळ आणि मागे ती टोकदार झाडं. मी जाहिरातीची तक्रार केली आहे, 1930 च्या तक्रारीतही नवा नंबर जोडला आहे. तुमच्या कोणाच्या फोनवर हा फोटो आला आणि पलीकडचा ‘मी तुमच्याकडचाच’ म्हणाला, तर पैसे पाठवायच्या आधी त्याला गावाचं नाव नका विचारू. सोमवारी काय काय बंद असतं ते विचारा.