डोस वाढवायचा की दुसरी गोळी जोडायची?

परभणीच्या आमच्या काकांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रोज रात्री अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी चालू आहे. परवाच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आलं. अशा पेशंटचं ते ७० च्या खाली हवं, हल्ली बरेच डॉक्टर ५५ सांगतात. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: तीच गोळी ८० ची करा, नाहीतर सोबत एझेटिमाइब १० घ्या.

काका म्हणाले, "बीपीची, शुगरची गोळी आहेच. अजून एक कशाला? आहे तीच मोठी कर."

ऐकायला पटतं, पण हिशोब वेगळा आहे. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, स्टॅटिन तिथलं एक एन्झाइम अडवतं. घरचा माल कमी पडला की यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. पहिल्या १० मिलिग्रॅमलाच एलडीएल ३५ ते ४० टक्के उतरतं. पुढे डोस दुप्पट केला तरी भर पडते सुमारे ६ टक्क्यांची. म्हणजे काकांचं ऐंशीच्या घरात येऊन थांबेल. शिवाय डोस वाढला की स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते.

एझेटिमाइब काम करतं लहान आतड्यात. "आम्ही तर ज्वारीची भाकरी अन् पिठलं खातो, मग शोषायला आहे काय?" हा काकांचा प्रश्न रास्त होता. ज्वारी-बेसनात कोलेस्टेरॉल नसतंच. पण यकृत पित्तातून रोज ते आतड्यात सोडतं आणि आतडं त्यातलं बरंच परत आत घेतं. ही गोळी ती परतीची वाट अडवते. स्टॅटिनवर आणखी २० ते २५ टक्के उतार मिळतो, काका सत्तरीला टेकतील. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १८,१४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात एझेटिमाइब आणि सिम्वास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनच्या जोडीने, एकट्या स्टॅटिनच्या तुलनेत, सात वर्षांत शंभरातल्या दोघांचा अटॅक, लकवा किंवा तत्सम संकट टळलं. आकडा लहान वाटेल, पण त्या दोघांत आपला माणूस असू शकतो.

फेनोफायब्रेट ही गोळी मुख्यतः ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीसाठी, काकांना त्याचा उपयोग नाही. पीसीएसके९ नावाचं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं एलडीएल निम्म्यावर आणतात, पण महाग. गोळ्यांनी भागलं नाही तरच तिकडे वळावं.

माझं मत जोडीच्या बाजूने पडलं, डॉक्टरांचंही. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात हे मेडिकलवाल्याने दाखवल्यावर काकांचा विरोध मावळला. अंग फार दुखलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवायचं, मनाने गोळी बंद करायची नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. काकूंनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय.