आधी मुलांचा वॉर्ड की आधी एम.फिल.?

मानसशास्त्रात एम.ए. झालंय, काम आजारी मुलांबरोबरच करायचं हेही ठरलंय, आणि आता दोन दारांपुढे उभं राहायला झालंय. एक दार म्हणजे मुलांच्या रुग्णालयात कमी पगारावर का होईना, लगेच कामाला लागणं. दुसरं म्हणजे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेलं दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. मी दोन्हींतून गेलोय. आधी मुंबईतल्या एका मुलांच्या रुग्णालयात दीड वर्ष काम केलं, मग एम.फिल. केलं. जागा, फी, प्रवेश परीक्षा यांची माहिती तुम्ही काढलीच असेल, त्यामुळे ते सोडून देतो.

वॉर्डात जे शिकलो ते वर्गात मिळणं अवघड होतं. थॅलेसेमियाचा एक सात वर्षांचा मुलगा दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला यायचा आणि सुई बघितली की आईच्या पदरात तोंड खुपसायचा. मी त्याला धीर देत बसायचो, समजावत राहायचो. एके दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी मला बाजूला केलं आणि त्याला विचारलं, "आज कुठला हात?" तो थांबला. दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि डावा पुढे केला. रडला, पण हात मागे घेतला नाही. मुलाला खरीखुरी, छोटीशी निवड द्यायची, हे मी तिथे शिकलो. टाइप १ मधुमेहाची मुलगी शाळेच्या डब्याआधीचं इन्सुलिन का चुकवते, पोट दुखतंय म्हणून चौथ्यांदा दाखल झालेल्या मुलाच्या घरी काय चाललंय, बालरोगतज्ज्ञाकडे राउंडमध्ये पाचच मिनिटं असताना त्यातली कुठली गोष्ट त्यांना सांगायची, हे सगळं तिथेच कळतं.

एम.फिल.मधल्या, मनोरुग्णालयातल्या प्रशिक्षणाचा दिवस अगदी वेगळा. केस हिस्टरी दीड-दोन तास चालते. लिहिलेला कागद सुपरव्हायझरकडून लाल होऊन परत येतो, पुन्हा लिहायचा, पुन्हा लाल होतो. बहुतेक रुग्ण मोठे, आणि बाल विभागाची पोस्टिंग दोन वर्षांतला एक तुकडा. पहिले काही महिने मला वाटायचं, मी चुकीच्या ठिकाणी आलोय. पण मुलांच्या वॉर्डात ज्या आयांना मी "सहकार्य करत नाहीत" असं लिहून मोकळा झालो होतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणी नैराश्यात होत्या, हे मला इथे मोठ्यांचा स्त्री वॉर्ड केल्यावर उमगलं. मुलाबरोबर येणारा माणूस मोठाच असतो. त्याचा आजार ओळखता आला नाही, तर मुलाची अर्धी गोष्ट हातातून सुटते. वॉर्डातल्या दीड वर्षात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला तिथे क्लिनिकलचं वरिष्ठ माणूसच नव्हतं, हेही खरं.

तरीही माझा निर्णय यावर झाला नाही. तो झाला एका सहीवर.

वॉर्डातल्या दिवसांतला, आठवीतला एक मुलगा. वाचनात अडखळायचा, बोलायला मात्र चुणचुणीत. दोन बैठकांत मी त्याची मिसिक ही बुद्धिमत्ता चाचणी घेतली, मराठी वाचन-लेखन तपासलं, चार पानी रिपोर्ट लिहिला. आई तो घेऊन अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी गेली. तिथल्या माणसाने पहिलं पान वाचलंच नाही, सरळ शेवटचं उघडलं आणि विचारलं, "रजिस्ट्रेशन नंबर कुठाय?" माझ्याकडे नंबर नव्हता. कागद परत. नवीन तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली आणि तिथे तीच चाचणी पुन्हा झाली. आईने नंतर येऊन सांगितलं, ठोकळ्यांची पेटी टेबलावर आल्या आल्या मुलगा म्हणाला होता, "हे मला येतं." इतक्या लवकर तीच चाचणी दिली की सरावाने गुण वाढतात. म्हणजे वेळ गेला तो गेलाच, शिवाय दुसरा निकालही गढूळ झाला. तोवर मुलाची नववी अर्धी संपली होती.

माझ्या कामात खोट असती तर मी सुधारली असती. पण १९९२ च्या आरसीआय कायद्याने या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेबरोबर अध्ययन अक्षमताही घेतली, तेव्हा त्या मुलांच्या सवलती कागदावर आणि कागद नोंदणीवर येऊन थांबणारच. वरिष्ठांच्या सहीखाली रिपोर्ट देता येतो, मीही दिलेत. पण ज्या मुलाला ते भेटलेलेच नाहीत, त्याच्याबद्दल त्यांनी सही करायची, हे मला फार दिवस सोसलं नाही.

म्हणून विचाराल तर माझं मत दोन वर्षांच्या क्लिनिकलकडे झुकतं. सगळ्यांनाच हे लागू पडेल असं नाही. माझा अनुभव एका शहरातला आहे. ज्यांना फक्त समुपदेशन किंवा खेळातून उपचार करायचे आहेत, चाचण्या आणि प्रमाणपत्रं यांच्याशी संबंधच नको, त्यांना वॉर्डाची वाट पुरेशी वाटू शकते. घरची परिस्थिती दोन वर्षं थांबू देणारी नसेल, तर तोही मोठा मुद्दा आहे.

एम.फिल. या नावाबद्दल धाकधूक आहे, ती रास्त आहे. बाकीच्या एम.फिल. बंद होत असताना युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. पुढे नाव काहीही असो, ते शिक्षण संपल्यावर नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आपलं नाव लागतं का, एवढं प्रवेशाआधी आरसीआयच्या यादीत स्वतः बघा.

आता जागेचं. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बाल मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, रांचीच्या सीआयपी या केंद्रीय मनोरुग्ण संस्थेची परंपरा १९१८ पासूनची. तिथे नंबर लागला तर नाही म्हणणं कठीण. पण मोठा माणूस आपल्यासाठी मोडक्या हिंदीत बोलतो, सहा वर्षांचं पोर बोलत नाही. ते आईच्या भाषेतच रुसतं, खोटं बोलतं, घाबरतं. मानसशास्त्रज्ञ कामतांनी बिने ही बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांवर बसवली, मॅलिन यांनी नागपुरात बसून व्हाइनलँड या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, ते उगाच नाही. पुढे महाराष्ट्रातच काम करायचं असेल, तर पुण्याच्या ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेसारखी जागा मी यादीत बरीच वर ठेवीन, कारण मराठी बोलणारी मुलं आणि बालरोग विभाग दोन्ही हाकेच्या अंतरावर.

जमलं तर क्लिनिकलच्या आधी सहा-आठ महिने मुलांच्या वॉर्डात काढा. पगाराकडे बघू नका आणि स्वतःच्या नावाने एकही चाचणी-रिपोर्ट बाहेर देऊ नका. आणि क्लिनिकलची जागा बघायला जाल तेव्हा विभागप्रमुखांच्या खोलीत जाण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला घेऊन जा. त्याचं लॉगबुक, म्हणजे बघितलेल्या रुग्णांची नोंदवही, मागा, नावं झाकून दाखवू दे. बारा वर्षांखालची किती मुलं आहेत ती मोजा, आणि त्यातली किती बालरोग विभागाकडून आली तेही विचारा.